बारीक पिन की जाड पिन?

...आणि वर मान न उचलता विचारतो काय, तर "बारीक पिन की जाड पिन?" अहो, ज्याची आई पहाटे गेली, दुपारी जो तिला पोचवून आला, ज्याच्या डोक्याचे केस अजून ओले आहेत, त्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? पण तुम्हाला सांगतो, त्या दुकानदाराला तरी काय बोलायचं! त्या दिवशी आख्ख्या कोल्हापुरानं आम्हाला हाच एक प्रश्न विचारला. कुणाचा कोण, केवढ्याची होती, कशानं गेली, ते सगळं मागनं. नाहीतर आधी. पण पिन चुकली नाही!

थांबा, माणसं सांगतो, नाहीतर म्हणाल, तीस वर्षं बातमीदारी करून ह्याला कोण-कुठं-कधी सांगता येत नाही. साल दोन हजार आठ. धम्मपाल कांबळे, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. आधी शहरात भाड्यानं राहायचा, वर्षापूर्वी कळंब्यात माझ्या शेजारी दोन खोल्या बांधून आला. बायको, कॉलेजात जाणारी मुलगी दीक्षा, आणि आई सोनूबाई. सोनूबाई मूळची नेसरीकडची. जन्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, रस्त्यावर खडी फोडली, त्यातनं हा पोरगा उभा केला. पहाटे उठून चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेली. कुणाला त्रास दिला नाही हो बाईनं. त्रास दिला तो मोबाईलनं!

कसला मोबाईल म्हणता? चायना! दोन सिमचा, टॉर्चवाला, वर टीव्हीची एरियल ओढून काढायची, मागं चार स्पीकर... वाजला की कळंबा जेलातले कैदी उठून बसावेत! घेतला तेव्हा धम्मपाल मला दाखवत होता, "सर, ह्यात सगळं हाय." सगळं होतंच की! नेसरीच्या मावशीचा नंबर ह्यात, मामेभावाचा नंबर ह्यात, सगळ्या पै-पाहुण्यांचे नंबर ह्यात, तेही सिमवर नाहीत, मोबाईलातच, आणि सोनूबाईचा आख्ख्या जन्मातला एकमेव नीट फोटोसुद्धा ह्यातच, दीक्षानं कळंबा तळ्याच्या बांधावर बसवून काढलेला. नव्हतं ते फक्त चार्जिंग. आठवड्यामागं लोडशेडिंग संपून लाईट आली ती अशी उसळून आली की चार्जरनं जागच्या जागी प्राण सोडला. आज घेऊ, उद्या घेऊ... आणि मध्येच आई गेली.

आता तुम्ही म्हणणार, दुसरा फोटो नव्हता का? होते ना! मतदार ओळखपत्रावर होता. तो फोटो बघून सोनूबाई ओळखायची तर आधी सोनूबाईला ओळखत असावं लागायचं. लग्नाच्या अल्बमात होता, धम्मपालच्याच लग्नाच्या. त्यात एका पाहुण्याच्या खांद्यामागनं पदर दिसतो आणि भाताची पाटी धरलेला एक हात दिसतो. म्हणजे आईचा हात आहे, हे धम्मपाल शपथेवर सांगतो. पण हात कसा छापायचा हो पेपरात?

आणि पेपरात छापणं तर भाग होतं. कोल्हापूरचा माणूस पेपर उघडतो तो निधनवार्तेच्या पानावर. आधी कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी आहे ते बघायचं, मग सरकार राहिलं का पडलं ते. आणि आमच्या पेपराचा नियम असा, की फोटो असेल तर चौकट, मुलगा-सून-नातवंडं, गल्लीसकट पत्ता. फोटो नसेल तर शेवटच्या कॉलमात एक ओळ, नाव, गाव, रक्षाविसर्जन, संपलं! मेलेल्या माणसात पण फर्स्ट क्लास, सेकंड क्लास! ह्या नियमावरनं मी दोन संपादकांशी भांडलो. संपादक गेले, नियम राहिला.

धम्मपाल मला म्हणाला, "सर, आईचं तोंड कवा कुठं छापून आलं न्हाय. आता तरी येऊ दे. आन् मावशीला कळायचं कसं? नंबर तर ह्या डबड्यात हायत. सोनूबाई कांबळे म्हटलं तर जिल्ह्यात काय एकच हाय व्हय? फोटो बघितल्याशिवाय त्यांनी वळखायचं कसं?"

खरं होतं. मावशी म्हणजे सोनूबाईची धाकटी बहीण, अंबूबाई. ती रक्षाविसर्जनाला पोचायला हवी होती, आणि तिला सांगायला जगात आता फक्त एक पेपर उरला होता. पूर्वी लोकांना पन्नास-पन्नास नंबर तोंडपाठ असायचे हो! आता बायकोचा नंबर विचारला तरी माणूस खिशात हात घालतो.

काढली स्कूटर. ऑफिसात फोन केला तर पान लावणारा उपसंपादक म्हणतो, "सातला पान सोडणार. तुमच्यासाठी मशीन थांबणार नाही." म्हटलं, तुझ्या मशीनच्या... जाऊ दे.

राजारामपुरीतलं पहिलं दुकान. धम्मपाल सरळ माणूस, त्यानं सरळ सांगितलं, "आई गेली सकाळी. फोटो ह्यात हाय. चार्जर पायजे." झालं! दुकानदार उठून उभा. "आरारारा... या या, आत या, बसा आधी. ए, दोन च्या सांग रे! कसं झालं म्हणायचं? वय काय हुतं? साखर हुती काय? आमच्या सासऱ्याचं बी अस्संच झालं, बघा..." आणि सासरे सुरू! सासरे दवाखान्यात, सासरे घरी, सासऱ्यांना परत दवाखान्यात... चहा आला, चहा संपला, सासरे एकदाचे गेले, आणि मग डोळे पुसून तो म्हणतो, "बरं. बारीक पिन की जाड पिन?"

मोबाईल पुढं केला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला. "ह्येची तर चपटी हाय. ही आपल्याकडं येत न्हाय."

दुसरं दुकान. "आई गेली..." "आवो काय सांगताय! बसा बसा!" इथं चहाबरोबर बिस्किटं. इथं त्यांची आत्या. "आत्या गेल्यापास्नं घरात करमत न्हाय बघा... बारीक पिन की जाड पिन?" तिसऱ्या दुकानात काउंटरवर बाई होत्या, त्या तर धम्मपालच्या आधी रडायला लागल्या. आता रडणाऱ्या बाईला पाच मिनिटांत सोडून निघता येतं का? ह्या गावात माणुसकी एवढी आहे हो, की तिच्यातनं बाहेर पडायला वाट मिळत नाही!

बाहेर आल्यावर धम्मपालनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "सर, आता म्या कुणाला सांगतच न्हाय आई गेल्याली. सांगितलं की बसवून घेत्यात."

मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

आणि ह्या पिनांचं मी म्हणतो काय, त्याच महिन्यात एका मोबाईल कंपनीची पत्रकार परिषद झाली होती. एसी हॉल, काजू, टाय लावलेला साहेब पुण्याहून आलेला. कॅमेरा असा, गाणी अशी, "इट विल चेंज युवर लाईफ!" मी उठून विचारलं, "साहेब, बल्ब कुठल्याही कंपनीचा घ्या, होल्डरात बसतो. मग चार्जरच तेवढा ज्याचा त्याला का?" साहेब हसला. "व्हेरी गुड क्वेश्चन, सर!" आणि माझ्या हातात एक पिशवी दिली. पिशवीत काय? टोपी! माझ्या प्रश्नाची बातमी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. साहेबाची आली, फोटोसकट. त्याला बरा चौकटीचा नियम लागला!

शेवटी एका पानपट्टीवाल्यानं तोड काढली. त्याच्याकडं खेकड्यासारखा दोन नांग्यांचा चार्जर होता. मोबाईलातनं बॅटरी काढायची, नांग्या तिला लावायच्या, आणि तो खेकडा प्लगात खोचायचा. पिनची भानगडच नाही! लाल-हिरवे-निळे दिवे लागले, आणि आम्ही दोघं त्या दिव्यांकडं बघत उभे, जसं दवाखान्यात मशीनकडं बघत उभं राहावं. अर्ध्या तासानं बॅटरी घातली, बटण दाबलं... चार स्पीकर एकदम वाजले! पानपट्टीवरची माणसं दचकली. पडद्यावर गुलाबाचं फूल उमललं. उमललं, उमललं... आणि तिथंच थांबलं. बंद केला, परत लावला. परत बँड, परत गुलाब. गुलाबाच्या पुढं जाईना! त्या गुलाबाच्या मागं सोनूबाई तळ्याच्या बांधावर बसलेली, आणि आम्ही अलीकडं.

साडेसहा वाजले होते. पानपट्टीवाला म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत कृष्णात हाय. मेलेला मोबाईल उठवतोय."

गेलो. धम्मपाल आत गेला, मी बाहेर थांबून ऑफिसात फोन लावला, पान धरून ठेव म्हणून. आत काय झालं ते धम्मपालनं मला नंतर सांगितलं, आणि त्यानं ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

कृष्णात म्हणाला, "बोला पावणं. बारीक पिन की जाड पिन?"

"पिनचं न्हाय. चालू करून द्या. घाई हाय."

एवढंच. आई म्हणाला नाही, फोटो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बसवून घेतलं असतं ना!

कृष्णातनं गुलाब बघितला. "सॉफ्टवेअर गेलंय. मारावं लागंल."

"मारा."

आता धम्मपाल मेकॅनिक माणूस. त्याला वाटलं, ऑइल बदलतात तसलं काहीतरी असेल. ऑइल बदललं म्हणून गाडीतला पॅसेंजर नाहीसा होतो का? त्यानं कृष्णातला वायर जोडताना बघितलं, संगणकावर एक हिरवी पट्टी डावीकडनं उजवीकडं सरकताना बघितली. ती पट्टी लवकर सरकावी म्हणून मनातल्या मनात आर्जव करत होता, मला म्हणाला. आर्जव!

पट्टी भरली. गुलाब उमलला आणि पुढं गेला. कृष्णातनं मोबाईल शर्टाला पुसून दिला. "घ्या! एकदम कोरा करून दिलाय. आतला समदा कचरा काढला."

धम्मपालनं फोटोचं बटण दाबलं. मग परत दाबलं. मग नंबरांचं दाबलं.

"ह्यात फोटो हुता."

"फोटो? आता कुठला फोटो, पावणं? सॉफ्टवेअर मारल्यावर काय ऱ्हातंय व्हय? आदी सांगायचं की! तुम्ही चालू करा म्हणलासा, मी केला."

"आई गेली माझी. सकाळी."

कृष्णात चोर नव्हता हो. वाईट तर मुळीच नव्हता. पोरगं पांढरंफटक पडलं. खुर्ची ओढली त्यानं, म्हणाला, "बसा... च्या सांगतो."

आणि धम्मपाल बसला. आता बसायला काय हरकत होती? आता कसली घाई?

त्याच वेळी मी आत घुसलो, एवढं मोठं तोंड करून: "धम्मपाल! पंधरा मिनिटं मिळाली!"

दुसऱ्या दिवशी पेपरात शेवटच्या कॉलमात एक ओळ आली. 'सोनूबाई पिराजी कांबळे, कळंबा. रक्षाविसर्जन उद्या सकाळी.' वर एका सोसायटीच्या चेअरमनची चौकट, फेट्यातली. तिसऱ्या दिवशी स्मशानात आम्ही गल्लीतली माणसं तेवढी. नेसरीकडचं कोणी नाही. धम्मपाल दर मिनिटाला रस्त्याकडं बघतोय. शेवटी जाणते म्हणाले, ऊन चढलं, उरकून घ्या. उरकलं.

नेसरीकडचं कोणी नव्हतं, कारण नेसरीकडची माणसं कळंब्यातच होती! ओळ वाचून, सोनूबाई पिराजी म्हणजे आपलीच असणार, असा अंदाज बांधून जीपभर माणसं निघाली. नवं घर कुणी बघितलेलं नाही. स्टॉपवर उतरून विचारलं, "सोनूबाई कांबळ्यांचं घर कुठलं?" कुणीतरी दाखवलं. दाखवलं ते बरोबरच, फक्त सोनूबाई दुसरी! दारात जीप थांबली आणि अंबूबाईनं उतरता उतरताच हंबरडा फोडला, "आक्काऽऽ, मला न सांगता गेलीस गंऽऽ!" तिच्यामागं सगळ्या बायका. घरातनं एक म्हातारी तांदळाचं सूप हातात घेऊन बाहेर आली. "कोण गेलं वो?"

"सोनूबाई!"

"आवो, मी हाय की हितं!"

त्या घरची सून घाबरून रडायला लागली, म्हातारी स्वतःचे हातपाय चाचपून बघायला लागली, गल्ली गोळा झाली, आणि मग चुकलेल्या पाहुण्यांना तसंच कसं सोडायचं? बसवून घेतलं! चहा! आमच्या दारात जीप आली तेव्हा आम्ही नदीवरनं परत येऊन हातपाय धूत होतो.

अंबूबाई आत आली आणि भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "त्यो मोबाईल बघू." धम्मपालनं दिला. तिनं तो हातात उलटा-सुलटा केला. "ह्यात हुती व्हय आक्का?"

"व्हय, मावशी."

"मग आता कुठं गेली?"

धम्मपाल खाली बघायला लागला. मी तीस वर्षं मंत्र्यांना प्रश्न विचारून घाम फोडलेला माणूस... मी उठून तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"उद्या मला फोटूवाल्याकडं न्हे," ती म्हणाली. "माजा कागदावरचा काढायचा. तुज्याकडं एक, माज्या पोराकडं एक, आन् एक ह्या पेपरवाल्याकडं देऊन ठेव."

नेलं. स्टुडिओतला पोरगा हौशी, दिवे लावले, पडदा लावला, म्हातारीचा पदर नीट केला. "आज्जी, लई ताठ बसलाय. जरा हसा की!"

"हसू नगं सांगूस, बाळा," अंबूबाई म्हणाली. "पेपरात मेल्यालं माणूस हसताना बरं दिसंल व्हय?"

पोरगा आमच्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "काढ बाबा ती म्हणते तसाच. आणि दिवे मालवू नकोस... तिचा झाला की मी बसतो."