भाऊंनी ऐकलेला श्वास

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या विभागप्रमुख मॅडम, ज्यांचा परिचय वाचताना सूत्रसंचालिकेला दोनदा पाणी प्यावं लागलं ते प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचा प्राध्यापकवर्ग, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे ध्वनिकक्षातून आज निवृत्त होणारे आमचे भाऊ, हार सांभाळत अवघडून बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो. मित्रमैत्रिणी म्हणायचं धाडस करतेय, कारण माझ्याबरोबर प्रवेश घेतलेले सगळे केव्हाच नोकरीला लागले. त्यातली एक तर आज प्राध्यापकांच्या रांगेत बसली आहे. मॅडम, नमस्कार. माझी छत्री अजून तुमच्याकडेच आहे.

विद्यार्थ्यांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं, ते काही माझ्या वक्तृत्वामुळे नाही. भाऊंना सगळ्यांत जास्त वर्षं ओळखणारा विद्यार्थी कोण, असा शोध सुरू झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माध्यमशास्त्राची तीन वर्षांची पदवी मी सातव्या वर्षात करते आहे. नापास झाले म्हणून नव्हे. म्हणजे, झाले एका पेपरात, पण मुख्य कारण ते नाही. मी निघून जायचे. एकदा फिरत्या नाटकमंडळींबरोबर दिवे लावायला गेले. एकदा डोंगरातल्या एका विश्रामगृहात आठ महिने किल्ल्या देत बसले. तिथे एक पाहुणे रोज स्वतःच्याच खोलीचा क्रमांक विसरायचे, आणि एके दिवशी... नको, अध्यक्ष मॅडम घड्याळ बघतायत.

सांगायचं इतकंच की मी दमले आहे. ‘माध्यमं आणि समाज’ हा पेपर मी तीनदा लिहिला. समाज तोच होता, दर वेळी माध्यमं तेवढी बदललेली. वर्गातली मुलं लहान होत गेली आणि मी मागच्या बाकावरून अजून मागे सरकत गेले. परत यायचे तेव्हा सगळे विचारायचे, "अरे, तू अजून इथेच?" एकटे भाऊ विचारायचे, "काय ऐकून आलीस?"

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. भाऊंची खोली जिन्याखाली आहे. भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, पंखा आहे पण ध्वनिमुद्रणात घरघर नको म्हणून तो लावायचा नाही, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. त्यांना कोणी ‘सर’ म्हटलेलं चालत नाही. "सर वरच्या मजल्यावर असतात, मी खाली," म्हणतात. वायर कोपराभोवती गुंडाळली की ओरडतात, "वायर आहे ती, लोकर नाही!" आणि आमची फिल्म तपासताना पडद्याकडे पाठ करून बसतात. का, तर चित्र दिसलं की कान आळशी होतात. पदवीची फिल्म जमा करताना जो फॉर्म लागतो, त्यावर ‘ध्वनी तपासला’ या ओळीपुढे अठ्ठावीस वर्षं यांची सही आहे. ती नसेल तर वरचा मजला फिल्मला हात लावत नाही.

आता माझ्या फिल्मबद्दल. अहो, हसता काय? फिल्म आहे! सहा मिनिटांची आहे, आणि आज पाच वाजेपर्यंत जमा झाली नाही तर नियमाप्रमाणे माझं नाव काढून टाकलं जाईल. सात वर्षांच्या पुढे विद्यापीठ वाट बघत नाही.

फिल्म माझ्या बाबांवर आहे. बाबा मोटारी भरतात, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतात. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, ज्यात म्हणून तांब्याची तार जळते ते सगळं त्यांच्याकडे येतं. दुकान इतकं लहान की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना उभं राहावं लागतं. मी तिथे दोन दिवस चित्रण केलं आणि शेवटी विचारलं, "मुलगी विद्यापीठात शिकते, अभिमान वाटतो का?" शेवट छान व्हावा म्हणून विचारलं होतं, खोटं कशाला बोलू.

बाबा म्हणाले, "अभिमान..." आणि पुढे जे म्हणाले ते मला नको होतं. मग मी ते काढून टाकलं. आदल्या दिवशी बाबा एका टेबलफॅनला कान लावून म्हणाले होते, "आता आवाज बरा वाटतो." त्यातला ‘वाटतो’ घेतला आणि ‘अभिमान’च्या मागे लावला. वर त्यांच्या हातांचं चित्र टाकलं, म्हणजे ओठ दिसायला नकोत. "अभिमान वाटतो." वर्गात दाखवलं तर दोघीजणी रडल्या.

सोमवारी ते भाऊंकडे नेलं. भाऊ पाठ करून बसले, डोळे मिटले. सहा मिनिटं झाली. हेडफोन काढून म्हणाले, "शेवटी कोण बोलतंय?"

"माझे बाबा."

"एक माणूस नाही बोलत तिथे. ‘अभिमान’ म्हणणारा खुर्चीत बसलाय, ‘वाटतो’ म्हणणारा पंख्यावर वाकलाय. आणि दोघांत मिळून एक श्वास नाही."

मी म्हटलं, "भाऊ, सगळेच कापतात."

"कापतात की. मीच शिकवतो. खोकला काप, अडखळणं काप. न बोललेलं वाक्य जोडायला मी कधी शिकवलं गं?"

"शुक्रवारी तुमचा शेवटचा दिवस. माझाही."

"तुझा शेवटचा दिवस म्हणून त्यांच्या तोंडात वाक्य घालायचं? जा, मूळचं घेऊन ये. सगळं."

मला इतका राग आला होता की मी पुन्हा निघून जाणार होते. बॅग भरायला मला दहा मिनिटं पुरतात. पण खरं सांगू, बॅग उचलायचाही कंटाळा आला. दमलेल्या माणसाचा हा एक फायदा.

मूळचं घेऊन गेले. आम्ही दोघांनी ऐकलं. "अभिमान..." त्यानंतर अकरा सेकंद काही नाही. नुसती तार गुंडाळायच्या यंत्राची कड्‌कड्, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करतंय, ती होत नाहीये. मग एक मोठा श्वास. आणि बाबा, मी समोर नसल्यासारखे, म्हणतात, "अभिमान वाटायला ती काय शिकते ते कळायला नको का? मला नाही कळत. विचारतही नाही. विचारलं की ती निघून जाते."

भाऊंनी हेडफोनच्या पिनेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "त्यांना ऐकवलंस?"

"काय?"

"दोन्ही."

बुधवारी दुपारी दुकानात गेले. बाबांच्या कानांना हेडफोन लावले. आधी माझं वाक्य ऐकवलं. बाबा म्हणाले, "छान आहे. हे मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंत."

मग त्यांचं ऐकवलं. ऐकताना त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. संपल्यावर म्हणाले, "त्या टेबलफॅनचं बेअरिंग वाजतंय. तुझ्या वाक्यात, ‘वाटतो’च्या मागे ऐकू येतं. तसाच दिला की काय मी त्या माणसाला?"

"बाबा!"

"ऐकलं गं. मी एवढा वेळ गप्प होतो?"

"अकरा सेकंद."

पुन्हा तार गुंडाळायला लागले. वर न बघता म्हणाले, "मग विचारू?"

"विचारा."

"काय शिकतेस तू तिथे?"

मी खोक्यावर बसले आणि सांगत गेले. सातही वर्षांचं. नाटकवाल्यांचं, किल्ल्यांचं, नापास झाल्याचंसुद्धा. बाबा तारेच्या फेऱ्या मोजताना दोनदा चुकले आणि दोनदा सगळी तार उलगडून पहिल्यापासून भरली. एरवी अशा वेळी ते दुकान डोक्यावर घेतात. त्या दिवशी नुसतं, "हं, मग?" संध्याकाळी शटर मी ओढलं.

त्यांचं वाक्य मी अकरा सेकंदांसकट परत घातलं. फिल्म लांबली, म्हणून माझ्या आवाजातलं निवेदन काढलं. त्यात ‘वारसा’ हा शब्द दोनदा होता, कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटणार नाही. आज सकाळी फॉर्म घेऊन भाऊंसमोर उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगितलं तसं केलंय. आज गडबड आहे, नुसती सही करा." भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वायर कोपराभोवती गुंडाळली होती. "न ऐकता?"

आणि तेव्हापासून सगळे त्यांचा सत्कार करतायत. आधी कार्यालयाने केला, मग ग्रंथालयाने, मग आपण. त्या शालीतून त्यांचे कान मोकळे व्हायची वाट बघत मी इथे उभी आहे. आता पावणेचार झालेत. ऐकून ते सही करतील की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. नाही केली तर घरी जाईन, घर इथून जवळ आहे. माझ्यानंतर बोलणाऱ्या मान्यवरांना मात्र हात जोडून विनंती की, थोडक्यात आवरा, आणि सामूहिक छायाचित्र सहा मिनिटांनी काढा.

अध्यक्षांनी मला संधी दिली, वहिनींनी अठ्ठावीस वर्षं या माणसाला जिन्याखाली बसू दिलं, तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या आणि मघापासून सभागृहाचा पंखा ऐकणाऱ्या माणसाचेही आभार. भाऊ, निवृत्तीत तुम्हाला चांगलं काहीतरी ऐकायला मिळो, आणि खोलीत पंखा लावायला मिळो.

बोलताना भरकटले, अडखळले, मध्येच थांबले, त्याबद्दल उदार मनाने माफ करा. त्या कोपऱ्यात पहिल्या वर्षाच्या दोघी हे भाषण ध्वनिमुद्रित करतायत. मुलींनो, चुका खुशाल ठेवा. आणि जिथे जिथे मी थांबले, तेवढं कापू नका.