सोमनाथचा नंबर

तुम्ही ओटीपीला शिव्या देताय, म्हणून सांगतो. रेणापूरला माझं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. शेजारच्या खेड्यातल्या चंद्रकलामावशी निराधार योजनेसाठी हयातीची नोंद करायला आल्या. ओटीपी त्यांच्या मुलाच्या, सोमनाथच्या नंबरवर जायचा. लातूरला क्लासला असताना तो ट्रकखाली सापडून गेला. पुढं नंबर बंद पडला आणि कंपनीनं दुसऱ्याच कुणाला तरी दिला.

मी त्या नंबरवर फोन लावला. एक तरुण पोरगा बोलला, “ओटीपी कुणाला सांगत नसतात, काका.”

त्याचं बरोबरच होतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात मावशींनी तो हातातून घेतला.

“बाळा, ह्यो नंबर माझ्या लेकाचा व्हता. त्यो न्हाई आता. मी जित्ती हाय, एवढंच सरकारला कळवायचंय.”

मग त्यानं आकडे सांगितले. नोंद झाली, तरी मावशी विचारतच होत्या, “जेवलास का रं?”

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “मावशी, आता दुसरा नंबर जोडून टाकू. दरसाल ही अडचण नको.”

त्यांनी घाईनं माझा हात धरला. “नगं रं बाबा. त्यो नंबर लावला की कुणीतरी उचलतंय आता.”