‘हे’ आणि ‘अहो’

नाही, पुढचं वाचूच नकोस – पुरे, कागद खाली ठेव. याला तू उद्देशिका म्हणतोस, इंग्रजीतली ‘ओड’? माझ्या वर्गात बसलास, माझ्याकडून कविता शिकलास, आता माझ्याच जागेवर पोरांना शिकवतोस – आणि उद्या प्राचार्यांच्या निरोपाला हे वाचणार? ‘ते ज्ञानाचे सागर होते, ते शिस्तीचे पुतळे होते’ – होते? अरे, माणूस पहिल्या रांगेत बसलेला असणार, धडधडीत जिवंत, आणि तू त्याच्या डोक्यावरून सभागृहाला सांगणार की ते असे होते नि तसे होते! ही उद्देशिका नाही, शोकसभा आहे. काय? ‘स्तुतिपर दीर्घ भावकविता’? शाबास. गाईडातली व्याख्या अजून पाठ आहे तुझी. स्तुती करायला कविता कशाला लागते, त्यासाठी तुमचं कार्यकारी मंडळ आहे की.

अरे, शब्दातच आहे ना – उद्देशून! तोंड फिरवायचं, समोर उभं राहायचं आणि हाक मारायची. बाकीची भावकविता स्वतःशी पुटपुटते, ऐकणारा असला काय नि नसला काय, हिला समोर कुणीतरी लागतंच. तो पंखा बघ, मघापासून करकरतोय. ‘पंखा करकरतो’ – ही तक्रार झाली, ती वायरमनला सांग. आता ‘हे पंख्या’ म्हण – म्हण की, लाजतोस काय, प्राध्यापक ना तू? – बघ, पंखा होता, पंख्या झाला. हाक मारली की शब्दसुद्धा जागचा हलतो. आणि एकदा हाक मारली की पुढे बोलावंच लागतं – कोणासाठी फिरतोस, कधी थकतोस – स्तुती निघेल, नाहीतर कडाक्याचं भांडण निघेल, पण पाठ फिरवून जाता येत नाही. म्हणून तर तुम्हाला ‘ते’ बरं वाटतं. ‘ते’ म्हटलं की अंगाला काही लागत नाही.

तुझ्या आधीच्या तुकडीत एक महाभाग होता. परीक्षेत ओळ दिली होती, ‘हे वाऱ्या, कुठे निघालास?’ पठ्ठ्यानं लिहिलं – ‘येथे कवयित्री पतीचे नाव न घेता त्यांना ‘हे’ म्हणते. पती फिरतीच्या नोकरीवर असावेत.’ हस, हस. मीही हसले होते, भोपळा दिला होता त्याला, आणि पुढे दरवर्षी वर्गात सांगायचे – पोरं लोटपोट व्हायची. आता वाटतं, अर्धा गुण द्यायला हवा होता. का म्हणजे? सहज.

हळू कशाला बोलायचं? आतलं दार उघडंच राहू दे. हे झोपलेले नाहीत – हं, बघ, आलंच तोंडात. हे! संसारभर हे. हे येतील, हे जेवतील, ह्यांना विचारते. माणूस समोर असला तर ‘अहो’ – ते तर रस्त्यात रुमाल पडलेल्या कुणालाही म्हणतात. वर्गात मी वाऱ्याला हाक मारली, ढगाला मारली, फुटक्या कपबशीलासुद्धा मारली, आणि घरात... असू दे. झटका आल्यापासून हे असे पडून आहेत. डॉक्टर म्हणाले, बाई, नावानं हाक मारत राहा, माणूस आत आहे, बोलावलं नाही तर आणखी आत जाईल. मुलगी फोनवरून ‘बाबा, बाबा’ करते, हूं नाही की चूं नाही. पण ती नर्स यायची ना – माझ्या नातीच्या वयाची – उशाशी वाकून खणखणीत नाव घ्यायची, आणि हे डोळे उघडायचे! कारखान्यात यंत्रांच्या आवाजात सगळे तसंच ओरडून नाव घ्यायचे ना ह्यांचं. काल तिचं काम संपलं. आता तुम्हीच हाक मारा, म्हणाली, त्यात काय आहे! कालपासून डोळे उघडलेले नाहीत.

त्यात काय आहे, म्हणे. मला सांगतात! मी अशी फेऱ्या मारतेय म्हणून बघू नकोस. हेच तर उद्देशिकेचं जुनं रूप – पूर्वी ग्रीसमध्ये जथ्थाच्या जथ्था गात गात एका अंगाला जायचा, मग वळून दुसऱ्या अंगाला, आणि मग एका जागी उभं राहून शेवटचं कडवं म्हणायचा. पहिली दोन मला झकास जमतात – ओट्यापासून त्या दारापर्यंत, दारापासून परत ओट्यापर्यंत. दाराशी उभी राहिले की नाव ओठांवर येतं आणि ‘अहो’ होऊन बाहेर पडतं. कविता शिकवणारी बाई म्हणे! थू.

उचल तो कागद. प्रत्येक ‘ते’ खोडून ‘तुम्ही’ कर, आणि वाचताना त्यांच्या तोंडाकडे बघ. बघवत नसेल तर वाचूच नकोस, सरळ चहा पिऊन ये. काय म्हणालास? – तू मारतोस हाक? माझ्याऐवजी? – नाव माहीत आहे तुला? असेल, दाराच्या पाटीवर आहे, सगळ्या जगाला माहीत आहे. नको. उठ. चपला घाल आणि दार ओढून घे. आणि जिन्यात थांबू नकोस, पार खाली जा. कुणी ऐकतंय असं वाटलं तर माझ्याच्यानं नाही व्हायचं. जा म्हटलं ना!