माणशी खर्च

पाणीपुरवठा कार्यालयाच्या बाकावर नकाशे काढणारी बाई सहीसाठी थांबली होती. शेजारी एक म्हातारे गावकरी आणि तरुण अभियंता बोलत होते. तिचे कान आपोआप तिकडे लागले.

“काका, योजनेचा निधी माणशी खर्च बघून मिळतो. तुमच्या गावात माणसंच कमी, म्हणून तो खर्च मर्यादेच्या दुप्पट पडतो.”

“अहो, पाणी नाही म्हणूनच तर माणसं गेली!”

“मला पटतं हो. कागदाला पटायला हवं. गेलेले लोक परत यायला तयार आहेत, असं लेखी आणा. घरटी एक सही. प्रस्ताव पुन्हा वर पाठवतो.”

“आणतो. एका घरी मात्र फोन करायला जीभ रेटत नाही.”

“कोणाच्या?”

“माझ्याच मुलाच्या. सून पाणी वाहून कंटाळली, शहरात बिऱ्हाड करू म्हणाली. मी म्हटलं, जा, तुझ्यावाचून कोणाचं अडत नाही.”

“मग तिथूनच सुरुवात करा.”

म्हाताऱ्यांनी बराच वेळ फोन हातात फिरवला. बाईने उगाच नकाशात डोकं घातलं.

“सूनबाई, मी बोलतोय. भांडायला नाही गं, एक सही हवी होती... छे, त्याची नको. हंडे तू वाहिलेस. सही तुझीच.”