धुमेवरची कणीक

कडूबा — थट्टा सोडा, आबा! मृदंगाच्या धुमेला, डाव्या तोंडाला, लावलेला गोळा कुठंय?

तातेराव — दर कीर्तनाला जातो तिथंच, गाईच्या तोंडी. काला झाला, वीणा खाली ठेवली, गोळा काढला अन् द्वारकाबाईच्या हाती दिला. आज खरवडावा बी लागला न्हाई बघ, लोण्यावानी निघाला.

कडूबा — मेलो! ती कणीक न्हवती, आबा.

तातेराव — मंग काय बेसन होतं?

कडूबा — सिलिकॉन. जालन्याला आमच्या कारखान्यात मळतेत ते. कच्चं रबर. दिसतं कणकीसारखंच.

तातेराव — रबर? देवाच्या मृदंगाला?

कडूबा — उन्हाळ्यात कणीक वाळती, अभंग रंगात आला की घुमारा बसतो. हे वाळत न्हाई. बिलकुल.

तातेराव — तरीच महाराज म्हणले, कडूबाचा हात आज लई गोड. मला वाटलं, तुझी भक्ती वाढली! पर गाय गाभण हाये रे. पोटात इरघळंल का ते?

कडूबा — तीच तं बोंब हाये. इरघळत न्हाई, सडत न्हाई. भट्टीच्या दाराला वायसर करतो आम्ही त्याचे. दोनशे डिग्रीला बी जसंच्या तसं. ऊन, पाणी, काहीच...

तातेराव — रबराचं कीर्तन नको लावू, गाईचं बोल!

कडूबा — विषारी न्हाई, पर आतड्यात अडकलं म्हंजे? द्वारकामावशी! ओ मावशी! गाईनं खाल्लं का?

द्वारकाबाई — आले, आले. खायला आधी भाजू तं द्या!

कडूबा — भाजू?

द्वारकाबाई — कच्च्या पिठानं गाभण गाईचं पोट फुगतं, म्हणून रोटी थापली. घंटाभर झाला, करपंना की फुगंना. उलथन्यानं दाबली तं उड्या मारती! कोणत्या चक्कीचं दळण हे?

तातेराव — पांडुरंगा! बाई, गाईनं तोंड तं न्हाई ना लावलं?

द्वारकाबाई — कशाला लावती? खुंट्यापाशी वाट बघून राह्यली बिचारी.

कडूबा — मावशी, रोटी न्हाई ती. तव्यावर कच्चं रबर पक्कं झालं, वायसर शिजवलं तुम्ही. आमच्याकडं त्याला खोलीएवढी मशीन लागती.

द्वारकाबाई — शिजू दे. पर तव्याला कणभर चिकटलं न्हाई, ते आवडलं मला.

तातेराव — अरे, कुठं निघाला हा?

द्वारकाबाई — गोठ्यात शिरला. गाईच्या गळ्यात हात टाकून उभाय. काय रे कडूबा, काय सांगून राह्यला तिच्या कानात?

कडूबा — काही न्हाई, मावशी. पुढच्या कीर्तनाला कणीकच लावतो म्हणलं.