खाते वडिलांचे, नाणी माझी

नाव: ओळखपत्राप्रमाणे. घरातलं नाव खुडबुड, ते वडिलांनी ठेवलेलं.
वय: छत्तीस.
व्यवसाय: ~~घरकाम~~ आवाज करणे. अनुभव नऊ वर्षे (हे शब्द मागाहून घातले).
राहणार: वडिलांच्याच घरी, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. बेल बिघडली आहे, दार वाजवावं लागतं.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वर व्यवसायापुढे हवालदारांनी मला न विचारता 'घरकाम' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. घरकामही मी करते, पण त्याचे पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत, त्यामुळे तो व्यवसाय होत नाही.

माझा व्यवसाय आवाज करणे हा आहे. हवालदारांनी "गायिका का?" असं विचारलं. गायिका नाही. सिनेमात आणि मोबाइलवरच्या खेळांत माणूस चालतो, दार आपटतं, कुणाचं तरी हाड मोडतं. हे आवाज नंतर कुणाला तरी खोलीत बसून करावे लागतात. हाड मोडायला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाजर लागतं. बर्फातून चालायला कापडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर लागतं. मागे एका लढाईच्या खेळाचं काम होतं तेव्हा मी महिनाभर माणसं मारत होते आणि घरात दोन्ही वेळा गाजर शिजत होतं. वडिलांनी ते मुकाट्याने खाल्लं.

स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत मी काम करते. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत आणि काम चालू असताना दार बंद असतं. माझे वडील बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर आहेत. ते त्या खोलीत कधीही आलेले नाहीत. पाहुण्यांनी मुलगी काय करते असं विचारलं, की ते "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतात आणि पाहुण्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मला याचा राग येत असे. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असं हवालदार म्हणाले. संबंध आहे, तो पुढे येईल.

माझं मोठं गिऱ्हाईक परदेशात आहे. तो खेळ बनवतो. मी त्याला दाढीवाला म्हणते, कारण फोटोत दाढीखेरीज काही दिसत नाही. तो पूर्वी बँकेमार्फत पैसे पाठवायचा. वाटेतल्या बँका आपापला घास काढून घेत आणि उरलेलं उष्टं माझ्यापर्यंत पंधरवड्याने पोहोचे. मग एकदा त्याने विचारलं, की स्टेबलकॉइनमध्ये पैसे दिले तर चालतील का. मी चालतील म्हटलं.

साहेबांनी स्टेबलकॉइन म्हणजे काय असं विचारलं. मी सांगितलं ते असं. ते संगणकावरचं नाणं आहे. एका नाण्याची किंमत एक डॉलर धरतात आणि ती तिथेच राहावी अशी तजवीज केलेली असते. इतर डिजिटल नाणी सकाळी राव तर संध्याकाळी रंक. हे त्या मानाने सरळमार्गी. दाढीवाला तिकडून पाठवतो आणि चहा गाळून होईपर्यंत माझ्या फोनमध्ये जमा होतं. साहेबांनी "हातात घेता येतं का?" असं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग ते असतं कुठे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा पगार कुठे असतो?" हे लिहू नका असं साहेब हवालदारांना म्हणाले. मी लिहा म्हटलं, कारण जबाब माझा आहे.

दूधवाला स्टेबलकॉइन घेत नाही. म्हणून ती नाणी कुणाला तरी विकावी लागतात. त्यासाठी एक संकेतस्थळ आहे. ज्याला नाणी हवी असतात तो आपल्या बँकेतून माझ्या खात्यात साधे पैसे भरतो आणि पैसे आले की मी नाणी सोडते. तिथे एक नियम ठळक अक्षरांत असतो. नाणी घेणाऱ्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एकच पाहिजे. ते जुळलं नाही तर पैसे परत करायचे आणि नाणी सोडायची नाहीत. मी हा नियम पाळत होते.

पुढे माझ्या बँकेतून चौकशीचा फोन आला. हे पैसे कसले असं विचारलं. मी खरं सांगितलं आणि त्यांनी माझं खातं बंद केलं. माणसं खोटं का बोलतात ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मी वडिलांना विचारलं, "बाबा, माझे पैसे तुमच्या खात्यावर घेऊ का?"

ते म्हणाले, "कुणाचे पैसे?"

"माझ्या कामाचे."

"देणार कोण?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक." ही लबाडी होती. कामाचे पैसे दाढीवाला देतो हे खरं, पण खात्यात जे येणार होतं ते नाणी विकत घेणाऱ्या भलत्याच माणसाकडून येणार होतं. एवढं समजावून सांगायला लागलं असतं, तर मी खोलीत काय करते तेही सांगावं लागलं असतं. ज्यांनी कधी विचारलं नाही त्यांना मी का सांगू, असं मला वाटलं.

वडील म्हणाले, "घे. पण नाव बघ. नाव जुळल्याशिवाय खिडकीतून नोट सोडायची नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत डबा कुणाला द्यायचा यावरसुद्धा त्यांनी ते ऐकवलं होतं.

दुसऱ्याचं खातं चालणार नाही असं संकेतस्थळाने कळवलं. म्हणून मी तिथून बाहेर पडले आणि परस्पर गिऱ्हाईक शोधलं. मोबाइलवर नाणी घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या एका गटात एक इसम भेटला. त्याने स्वतःला 'पक्का माणूस' असं नाव लावलं होतं. जो स्वतःहून पक्का म्हणवतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं, एवढी अक्कल मला होती. पण तो भाव बरा देत होता, आणि अक्कल खाऊन पोट भरत नाही. सुरुवातीचे व्यवहार सुरळीत झाले.

त्यानंतरच्या व्यवहारात पैसे एका बाईंच्या नावाने आले. मी पक्क्या माणसाला लिहिलं, की हे नाव तुमचं नाही. त्याने उत्तर दिलं, "काकूचं खातं आहे. तुमचं तरी कुठे तुमच्या नावावर आहे, ताई?"

मी नाणी सोडली. नाव जुळत नाही हे मला दिसत होतं आणि तरी मी सोडली, असं स्पष्ट लिहावं. कुणी फसवलं असं लिहून माझी सोय करू नये.

त्या बाई त्याची काकू नव्हत्या. त्या दुसऱ्या गावच्या निवृत्त शिक्षिका आहेत. तुमचं खातं गोत्यात आहे अशी फोनवर भीती घालून कुणीतरी त्यांच्याकडून ते पैसे आमच्या खात्यात भरून घेतले होते. पक्का माणूस नाणी घेऊन पसार झाला. मागे राहिलं वडिलांचं नाव. सायबर कक्षाने त्यांचं खातं गोठवलं.

वडील निवृत्तिवेतन काढायला गेले तेव्हा त्यांना हे कळलं. ज्या खिडकीच्या आत ते नोकरीभर बसले त्याच खिडकीच्या बाहेर ते उभे होते. आत बसलेला कॅशियर त्यांनीच शिकवून तयार केलेला आहे. त्याने फक्त संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हे मला त्या कॅशियरने सांगितलं, वडिलांनी नाही.

वडील घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. भात संपल्यावर म्हणाले, "नाव जुळलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "बरं." आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आज त्यांना इथे बोलावणं होतं. तू येऊ नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. मी मागच्या रिक्षाने आले. ज्या माणसाच्या हिशोबात नोकरीभर तफावत आली नाही त्याच्या नावापुढे तुमच्या कागदावर 'संशयित' लिहिलं आहे. तिथे माझं नाव घालावं एवढ्यासाठी मी आले आहे.

त्यावर साहेब म्हणाले, की त्यांचा जबाब पलीकडच्या खोलीत झाला आहे आणि त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं आहे. मी विश्वास ठेवला नाही. साहेबांनी मला त्यातला भाग वाचून दाखवला तो असा: "मुलीला यातलं काही कळत नाही. नाणी माझी आहेत. ती मी परदेशातून पोस्टाने मागवतो आणि कपाटात ठेवतो."

मला हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणीही आलं. हवालदारांनी फक्त हसल्याचं लिहिलं होतं, पाण्याचंही लिहावं.

साहेब म्हणाले, "पुढे तर आवाजाचं कामही मीच करतो म्हणतात."

मी म्हटलं, "साहेब, त्यांना साधी शिट्टी वाजवता येत नाही."

साहेबांनी दारात जाऊन पलीकडच्या अंमलदारांना सांगितलं, की आजोबांना एखादा आवाज करून दाखवायला सांगा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. दोन खोल्यांमध्ये प्लायवुडचा पडदा आहे, वरून उघडा, त्यामुळे सगळं ऐकू येतं. वडील म्हणाले, "कुणाकडे मोटारसायकलचे हातमोजे आहेत का? चामड्याचे लागतील." कुणीतरी दिले.

इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे. मागच्या महिन्यात दाढीवाल्याने माझ्याकडे एक पक्षी मागितला होता. पाण्यावरून उठणारा, मोठ्या पंखांचा. असा पक्षी चामडी हातमोजे एकमेकांवर फडकावून करतात. काम संपलं की ते स्वयंपाकघरातल्या खुंटीला असत. मला तो काही केल्या जमेना. कुणीतरी धुणं झटकतंय असं वाटे. मी हातमोजे भिंतीवर फेकले, दाढीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा उचलले. शेवटी जमलं ते असं: पहिल्या दोन फडफडी जड, मग एक श्वासभर उसंत, कारण पंखांवरचं पाणी निथळतं, आणि मग हलक्या हलक्या होत लांब जाणाऱ्या. ती उसंत कुणाला दाखवलेली नाही. दाढीवाल्याकडे अजून पाठवलेलीही नाही. खोलीचं दार बंद होतं.

पडद्यापलीकडून दोन जड फडफडी आल्या. मग उसंत. मग पक्षी हलका होत खिडकीकडे गेला. हवालदारांनी लिहिणं थांबवून छताकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

इथे थोडी जागा कोरी सोडावी.

सबब माझं म्हणणं असं, की माझ्या वडिलांनी दिलेला जबाब खोटा आहे. नाण्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. नाणी माझी, पक्का माणूस माझा, न जुळलेल्या नावावर सोडलेला व्यवहार माझा. शिक्षिकाबाईंचे पैसे गोठवलेल्या खात्यातून त्यांना परत द्यावेत, काही कमी पडले तर माझ्याकडून घ्यावेत. वडिलांच्या नावापुढचा शब्द काढून माझ्या नावापुढे लावावा, मला चालेल. त्यांच्या जबाबात खरा असा फक्त एक पक्षी आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो लिहिला आहे, साहेबांच्या पगाराच्या वाक्यासह. वाचत असताना पलीकडून वडिलांनी "जरा मोठ्याने वाचा" असं सांगितलं, म्हणून पहिल्यापासून पुन्हा वाचला. 'आवाज करणे' इथे त्यांनी थांबवलं आणि त्यापुढे 'अनुभव नऊ वर्षे' असं घालायला सांगितलं. मी वर्षं कधी मोजली नव्हती. आता मोजून पाहिली, बरोबर आहेत. दुरुस्ती मला मान्य आहे.