गाण्यातली मोकळी जागा

—न्हाई दादा, खुर्चीवरच बसा, खाली कांद्याची पोती हायेत. ते यंत्र ठेवा तिथं टेबलावर, आधी च्या घ्या. आमच्या मोनालीनं पाठवलं का तुम्हाला? न्हाई? मग पुण्यावरनं मांडवगणला एवढ्या लांब—व्हय, अल्बम. 'मुकं घर'. ऐकलाय तर! न ऐकून जाते कुठं, उसाच्या ट्रॅक्टरवर तोच, लग्नाच्या मांडवात तोच. ड्रम काय, गिटार काय, एकटी पोरगी आन् आवाज असा की मांडणीवरच्या कपबश्या हलत्यात. शेजारच्या धुरपदानं मोबाईल माझ्या नाकाशी धरला—ऐका वैनी, लेकीनं नाव काढलं तुमचं!

ते शेवटचं गाणं—मधीच सगळं थांबतं बघा. गिटार न्हाई, काय न्हाई. ट्रॅक्टरवाली पोरं आधी स्पीकरला थापडा मारायची, वायर सुटली म्हणून. मग मोनाली मुलाखतीत बोलली—तिथं आईचं हळदीचं गाणं घालायचं होतं, आई न्हाई म्हणली, म्हणून जागा मोकळी सोडली. झालं! आता हळदीला गेले की बाया आधी माझ्या तोंडाकडं बघत्यात, मग एकमेकींकडं. एकेकाळी ह्या आळीत माझ्या गाण्याबिगर हळद लागत नव्हती, दादा.

तुम्हीबी तेच इचारताय. का न्हाई म्हणले? घसा बसला व्हता. हसू नका—काही गोष्टी बोलायच्या नसत्यात. गिटार अंगणात कुणी आपटली? आमच्या मालकांनी. पुन्हा ह्यो उंबरा चढू नको कोण म्हणलं? तेच. ती दौंडला जाऊन रेल्वेत बसली, मी अनवाणी एसटी स्टँडपातुर धावले—हे हाय कुठल्या गाण्यात? बाप एकाच गाण्यात, तोबी लांबनं. आई मातर सगळीकडं. आई भिंत, आई कुलूप. बापावर रागवायला शब्द कमी पडले व्हय गं बाई तुला?

फोनवर म्हणली, आई, दोनच ओळी म्हण, मी टेप करते. ओठावर आल्या व्हत्या, दादा. पदराचा बोळा तोंडात धरला आन् मग म्हणले, मला येत न्हाई आता. येत न्हाई कसं? निजताना तिला तेच लागायचं. म्हणून तर तेच सोडलं—कुणी गोड सोडतं, कुणी चप्पल, मी म्हणलं लेकीला जे सगळ्यात आवडतं तेच देवीपुढं ठेवावं. ती घर सोडून गेली त्याच आठवड्यात कवठ्याला गेले, येमाईची ओटी भरली, म्हणले, आई, लेक घरात पाऊल टाकंस्तोवर ह्या तोंडातून सूर निघायचा न्हाई—

—ते लाल काय चमकतंय? चालू हाय ते? कवापासनं?

अगं आई गं. नवस फिटल्याबिगर बोलायचा नसतो, दादा. मालकांना ठाऊक न्हाई, धुरपदाला न्हाई. पुसा ते. तिला ऐकवू म्हणता? नका! तिला वाटू द्या आई कुलूप हाय, काय वाटंल ते वाटू द्या—पर घरी येऊ द्या. येईल ती. पंखा घरघरतोय एवढा, देवीला न्हाई ऐकू गेलं. तुम्ही पुसलं की मी बोललेच न्हाई.

पुसलं? दाखवा. आता उठा. च्या ऱ्हाऊ द्या—उठा म्हणते ना.